खेळ कोणाचा, घाम कोणाचा?

मे-जून महिना आला की रेल्वे कॉलन्यांच्या आणि पोस्टल क्वार्टर्सच्या दारांत पत्रकांचा पाऊस पडू लागतो. पूर्वी ही पत्रके टंकलेखन आणि लघुलेखनाच्या क्लासची असत, पुढे कॉम्प्युटरची आली. अलीकडे त्यांच्यावर तलवारी घेतलेले वीर, राक्षस आणि हवेत उडणाऱ्या मोटारी दिसतात आणि खाली ठळक अक्षरांत मथळा असतो : व्हिडिओ गेम डिझायनर व्हा, आवडीलाच करिअर बनवा! फी लाखांत असते. बँकेचे कर्ज मिळवून देण्याची सोयही तिथेच असते. इटारसीपासून हुबळीपर्यंत आणि भुसावळपासून सिकंदराबादपर्यंत आमचे मराठी साथी जिथे जिथे आहेत, तिथून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. पोरगा म्हणतो याच लाइनला जायचे, पोरगी म्हणते चित्रकलेचे चीज होईल, काय करावे?

जाऊ नका, असे आम्ही सांगणार नाही. गँगमनच्या पोराने गँगमनच व्हावे आणि सॉर्टरच्या पोरीने सॉर्टरच, असा कायदा आम्ही कधी मानला नाही. पण या धंद्याची जी गोष्ट पत्रकात सांगितली जाते ती अर्धी आहे. उरलेली अर्धी सांगणे हे कामगार चळवळीचे काम आहे आणि ते आम्ही आजवर केलेले नाही, हेही इथेच कबूल करतो. आमच्यातले पुष्कळजण अजून असे समजतात की, वातानुकूलित खोलीत बसून खेळ बनवणारा तो कसला कामगार! तो साहेब. ही समजूत मालकांच्या फार सोयीची आहे.

(एक खुलासा आधीच करतो. पैसे लावून खेळायची रमी आणि तत्सम जुगार, ज्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, तो इथे विषय नाही. त्या दुकानांचे शटर पडले तेव्हा तिथल्या नोकरदारांच्याही नोकऱ्या गेल्या, हे खरे. पण तो वेगळा लेख होईल.)

गेम डिझायनर करतो काय? खेळाचे नियम ठरवतो. उडी किती उंच जाईल, शत्रू कोणत्या वळणावर भेटेल, तिसऱ्या पायरीवर खेळणारा कंटाळेल की चौथीवर, हे सगळे आधी कागदावर मांडून मग पडद्यावर उतरवून पाहतो. वेळापत्रक आखणाऱ्याला ठाऊक असते की, एका गाडीला दोन मिनिटे जास्त दिली की पुढच्या सहा गाड्यांचे काय होते. तशाच प्रकारची ही डोकेफोड आहे. त्याच्या जोडीला प्रोग्रामर, चित्रकार, ध्वनीची माणसे आणि सर्वात खाली परीक्षक. परीक्षक म्हणजे तोच तोच खेळ दिवसभर खेळून त्यातले दोष शोधणारे. हे ऐकून पोरे म्हणतात, काय मजा! रुळावर दररोज किलोमीटरच्या किलोमीटर चालून सैल बोल्ट शोधणाऱ्या कीमनला विचारा, चालण्यात किती मजा आहे ते.

आता या धंद्याच्या बालपणाकडे वळू. कारण सगळे दुखणे तिथेच सुरू झाले आणि ते समजले की पुढचे आपोआप समजते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात अटारी नावाची कंपनी होती. १९७६ साली वॉर्नर या बड्या करमणूक कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे तिची सूत्रे रे कॅसार यांच्याकडे दिली. हे गृहस्थ कापडधंद्यातून आलेले. घरातल्या टीव्हीला जोडायचे यंत्र आणि त्यात घालायच्या खेळांच्या काडतुसासारख्या डब्या, म्हणजे कार्ट्रिज, हा अटारीचा माल. त्या काळी एक खेळ सहसा एकच माणूस बनवी. कल्पना त्याची, नियम त्याचे, चित्रे आणि आवाजही त्याचेच. चार किलोबाइट एवढ्याशा जागेत हा सगळा संसार बसवायचा. आज साध्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. आणि एवढे करून डबीवर नाव छापायचे फक्त कंपनीचे. बनवणाऱ्याचे नाही.

वॉरन रॉबिनेट हा त्यांतला एक. त्याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ बनवला, तो १९८० च्या सुमारास बाजारात आला. त्याने पुढे स्वतः सांगितलेला हिशेब असा : खेळाच्या सुमारे दहा लाख प्रती खपल्या, प्रत्येकीची किंमत साधारण पंचवीस डॉलर, आणि त्याचा पगार वर्षाला सुमारे बावीस हजार डॉलर. खपातला वाटा शून्य. गुणाकार तुमचा तुम्ही करा. मग या पठ्ठ्याने काय केले? खेळात एक गुप्त खोली बांधली. एक टिंब, अवघ्या एका ठिपक्याएवढे आणि मागच्या रंगात मिसळून गेलेले, ते उचलून योग्य जागी नेले तरच ती खोली उघडते. आत दुसरे काही नाही, फक्त एक ओळ : हा खेळ वॉरन रॉबिनेटने निर्माण केला. कोणालाही न सांगता त्याने हे केले आणि १९७९ मध्ये नोकरी सोडून गेला. पुढे सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहिले. आमच्या टपाल साथींनी लक्षात घ्यावे, संगणक युगातले हे बिंग शेवटी पोस्टाच्या पत्रानेच फुटले! डब्या बदलायच्या तर खर्च फार, म्हणून कंपनीने नाव तसेच राहू दिले आणि गुप्त गोष्टी ही आमच्या खेळांची खासियतच आहे, असे म्हणायला सुरुवात केली.

हा किस्सा आजही गमतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यात गंमत दिसत नाही. आपण बनवलेल्या वस्तूवर आपले नाव चोरून लिहावे लागणारा माणूस आम्हाला दिसतो. पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याचे नाव कोरलेले असते आणि पाण्यात उतरून पाया घालणाऱ्याचे कुठेच नसते, हे आपण जन्मभर पाहत आलो आहोत.

त्याच अटारीत १९७९ साली दुसरी गोष्ट घडली. कंपनीच्या विक्री विभागाने कोणता खेळ किती खपला याचा एक तक्ता आपल्याच माणसांत वाटला. हेतू हा की, पोरांनी खपतील असे खेळ बनवावेत. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅपलान, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी तो तक्ता वाचला आणि बेरीज केली. क्रेन यांच्या सांगण्यानुसार आदल्या वर्षीच्या विक्रीतला सुमारे साठ टक्के माल या चौघांच्या हातचा होता. विक्री कोट्यवधी डॉलरची आणि यांचे पगार वर्षाला वीस ते तीस हजार. मालकाने वाटलेल्या कागदावरूनच कामगाराने मालकाचा नफा मोजावा, याहून चांगले शिबिर कोणते असेल?

चौघे कॅसारसाहेबांकडे गेले. आम्हाला नाव द्या, विक्रीत थोडा वाटा द्या, लेखकाला आणि गायकाला मिळतो तसा. साहेबांनी जे उत्तर दिले ते या धंद्यात प्रसिद्ध आहे. तुम्ही कोण? टॉवेलवर नक्षी काढणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. कारखान्यात बसून डबी जुळवणाऱ्या कामगाराइतकेच तुम्ही या कंपनीला महत्त्वाचे, जास्त नाही. अशा आशयाचे ते बोलले, असे क्रेन सांगत आले आहेत.

इथे आम्ही वाचकांना थोडे थांबवतो, कारण या धंद्याचा इतिहास लिहिणारे इथे न थांबता पुढे जातात. सगळे म्हणतात, केवढा अपमान! कलावंताला कारखान्यातल्या कामगाराशी तोलले! आम्ही विचारतो, यात अपमान कोणाचा झाला? साहेबांचे वाक्य एका अर्थी खरेच होते. डबी जुळवणारा हात नसता तर क्रेनचा खेळ क्रेनच्या डोक्यातच राहिला असता. लबाडी तुलनेत नव्हती. लबाडी अशी की, कामगाराला काही द्यायचे नाही हे आधी ठरलेले, मग दुसऱ्यालाही त्याच्याच ओळीत उभे करून हात हलवत परत पाठवायचे. आणि सोलापूरच्या टॉवेलवर नक्षी काढणाऱ्याला तरी वाटा कुठे मिळतो? त्याच्या पोटावर मारलेला पाय दाखवून साहेबांनी दुसऱ्याच्या पोटावर पाय ठेवला, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

त्या क्षणी चौघांनी कोणता रस्ता धरला? डबी जुळवणाऱ्या कामगारांकडे जाऊन, बाबांनो, साहेब म्हणतात आपण सारखे आहोत, तर चला सारखे होऊ, असे ते म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत. त्यांनी बाहेरून भांडवल मिळवले आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन नावाची स्वतःची कंपनी काढली. तिने डब्यांवर आणि माहितीपुस्तिकेत बनवणाऱ्याचे नाव छापले, फोटो छापले. क्रेनचा ‘पिटफॉल’ हा १९८२ चा खेळ चाळीस लाखांवर खपला. चौघांचे नाव झाले, पैसा झाला. आम्ही त्यांना दोष देत नाही. पिंजरा मोडून जो उडाला त्याला शिव्या कशाला द्यायच्या? पण मागे राहिलेल्यांचे काय झाले ते पाहा. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने जाहीर केले की, उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलवण्यात येत आहे. कॅलिफोर्नियातल्या सुमारे सतराशे माणसांना एका फटक्यात घरी बसवले. त्यानंतर तिथे युनियनसाठी मतदान झाले, तेव्हा कारखान्यात भीती एवढी पसरली होती की युनियन मोठ्या फरकाने हरली. आमच्या मुंबईत त्याच वेळी गिरण्यांचा संप चालू होता. कापड असो की खेळ, काम उचलून स्वस्त हातांकडे न्यायची रीत दोन्हीकडे एकच.

आणि उडालेल्या चौघांचे? कॅपलान १९८२ मध्ये बाहेर पडले. १९८३ मध्ये या धंद्याचा बाजार कोसळला. मिलर आणि व्हाइटहेड १९८४ मध्ये निघाले, क्रेन १९८६ मध्ये. ज्यांनी कंपनी काढली ते सात वर्षांत कंपनीबाहेर होते आणि कंपनी राहिली. भांडवलाला बाप लागत नाही.

पुढे हीच अ‍ॅक्टिव्हिजन जगातल्या बड्या खेळ कंपन्यांपैकी एक झाली. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी तिच्या प्रमुखांनी जाहीर केले की, २०१८ मध्ये कंपनीने विक्रमी उत्पन्न मिळवले आहे, सुमारे साडेसात अब्ज डॉलर. त्याच दिवशी, त्याच तोंडाने जाहीर केले की, आठ टक्के, म्हणजे सुमारे आठशे माणसे कमी करत आहोत. तोट्यातली कपात आपण ऐकली होती. विक्रमी नफ्याच्या दिवशीची कपात हा नवा प्रकार. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे एकोणसत्तर अब्ज डॉलरला घेतली आणि २०२४ च्या जानेवारीत आपल्या खेळ विभागातून १९०० माणसे काढली. पत्रकातल्या ‘करिअर’ या शब्दाचा अर्थ लावताना हे आकडे शेजारी ठेवावेत.

आता कामाच्या तासांकडे येतो. या बाबतीत रेल्वे कामगारांना कोणी शिकवायला नको.

नोव्हेंबर २००४ मध्ये एक निनावी जाहीर पत्र अमेरिकेत गाजले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीत काम करणाऱ्या एका प्रोग्रामरच्या वाग्दत्त वधूने ते लिहिले होते. दीड-दोन वर्षांनी तिने आपले नाव एरिन हॉफमन असे जाहीर केले. तिचे म्हणणे साधे होते. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस; फार झाले तर शनिवारची संध्याकाळ मोकळी. जादा तासांचे पैसे नाहीत, बदली सुट्टीही नाही. माणूस घरी येतो तो डोके दुखत आणि डोळे चोळत. तिथल्या कायद्यात ठराविक पगारावरच्या संगणक व्यावसायिकांना ओव्हरटाइममधून वगळलेले होते आणि कंपन्या त्याच फटीतून गाडी काढत होत्या. कामगार कोर्टात गेले. कंपनीला २००५ मध्ये चित्रकारांशी १ कोटी ५६ लाख डॉलरवर आणि २००६ मध्ये प्रोग्रामरांशी १ कोटी ४९ लाख डॉलरवर तडजोड करावी लागली.

या धंद्यात त्या काळाला ‘क्रंच’ म्हणतात. खेळ बाजारात आणायची तारीख जवळ आली की सगळ्यांना चरकात घालून पिळायचे, म्हणून क्रंच. आधी तो शेवटच्या दोन-चार आठवड्यांचा असे, मग महिन्यांचा झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा प्रचंड खेळ आला, तेव्हा रॉकस्टार कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने मुलाखतीत मोठ्या कौतुकाने सांगितले की, आम्ही काही वेळा शंभर शंभर तासांचे आठवडे काढले. ओरड झाली तेव्हा खुलासा आला, ते फक्त वरच्या मोजक्या लेखकांबद्दल होते. पण शंभर हा आकडा अभिमानाने तोंडातून निघाला, हेच पुरेसे बोलके आहे.

साथींनो, रेल्वे कायद्याच्या १३२ व्या कलमात ‘कंटिन्युअस’ वर्गाला आठवड्याला चौपन्न तास, ‘इंटेन्सिव्ह’ला पंचेचाळीस आणि ‘इसेन्शियली इंटरमिटंट’ला पंचाहत्तर तास अशी मर्यादा आहे. ही पंचाहत्तर आपल्याला अन्यायाची वाटते आणि ती आहेच. फाटकावरचा गेटमन आणि आडबाजूच्या स्टेशनचा पॉइंट्समन यांना विचारा. पण ही मर्यादा कागदावर आली ती कोणाच्या कृपेने नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर टपाल-तार आणि रेल्वे या दोन्ही खात्यांचे तंटे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे गेले आणि रेल्वेच्या कामाचे तास, विश्रांती, साप्ताहिक सुट्टी यांचा पाया त्यांच्या १९४७ च्या निवाड्याने घातला गेला. १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफ संपावर गेला, तेव्हा दहा तासांचे बंधन सरकारला कबूल करावे लागले. १९७४ च्या मे महिन्यातले ते वीस दिवस तर आपल्या घराघरांत सांगितले जातात. मिसा, क्वार्टर्समधून बायकापोरांना बाहेर काढणे, बडतर्फी, सगळे. अंमलबजावणी आज कुठे कशी होते ते लॉबीत सही करणारा जाणतो. पण मोडायला का होईना, नियम आहे. शंभर तास करणाऱ्या त्या हुशार पोरांकडे मोडायला नियमही नव्हता.

मालकांचे वकील म्हणतात, ही माणसे आवडीने थांबतात, त्यांना कोणी बांधून ठेवले आहे का? आम्ही म्हणतो, होय, बांधून ठेवले आहे आणि दोर दाखवतो. खेळ संपला की शेवटी पडद्यावर नावे सरकतात. या धंद्यात अनेक ठिकाणी रूढी अशी की, खेळ बाजारात येण्यापूर्वी जो सोडून गेला त्याचे नाव त्या यादीतून गळते, मग त्याने तीन वर्षे खपून काम केलेले असो. पुढची नोकरी मागताना दाखवायला ते नावच लागते. म्हणजे रॉबिनेटला जे चोरून लिहावे लागले, ते आता कंपनी आपल्या हाताने लिहिते आणि त्याचाच फास करते. सोडून गेलास तर तुझी तीन वर्षे पुसली जातील! याला आवड म्हणायचे असेल तर सावकाराच्या वहीवरच्या अंगठ्याला प्रेमपत्र म्हणावे लागेल.

दुसरा युक्तिवाद पगाराचा. मोठ्या पदावरच्यांना तिथे चांगला पगार असतो, नाकारत नाही. पण पगाराला तासांनी भागा. आणि उद्याचा भरवसा काय? सप्टेंबर २०१८ मध्ये टेलटेल नावाच्या नावाजलेल्या कंपनीने सुमारे अडीचशे माणसांना एका दिवसात निरोप दिला. नुकसानभरपाई नाही आणि आरोग्य विमा फक्त महिनाअखेरपर्यंत. त्यांचे खेळ बक्षिसे मिळवणारे होते.

आमच्यातले काही जुने साथी म्हणतील, भांडवलशाही आहे, दुसरे काय होणार. त्यांना एक अवघड उदाहरण देतो. ‘टेट्रिस’ हा जगप्रसिद्ध खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी बनवला. ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला होते. खेळ जगभर विकला गेला, परदेशी कंपन्या गब्बर झाल्या, सरकारी खात्याकडेही पैसा आला. पण पाजित्नोव्ह यांनी हक्क दहा वर्षांसाठी सरकारकडे दिलेले असल्यामुळे त्यांना वाटा मिळू लागला तो १९९६ पासून, तेही अमेरिकेत गेल्यावर. मालकाच्या जागी सरकार बसले म्हणून घामाचा हिशेब आपोआप चुकता होत नाही. हे आपल्याला कोणी सांगायला नको, आपला मालक सरकारच आहे. खेड्यातल्या खातेबाह्य एजंटाला १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजम्मा खटल्यात नागरी पदधारक ठरवले. त्याला आज ग्रामीण डाक सेवक म्हणतात. नाव बदलले, खात्याच्या कायम नोकरासारखे पेन्शन त्याला आजही नाही.

आणि नेमका हाच धागा धरून आपण विस्कॉन्सिनला पोचतो. तिथे रेव्हन नावाचा स्टुडिओ आहे, अ‍ॅक्टिव्हिजनच्या मालकीचा, म्हणजे त्या उडालेल्या चौघांच्याच कंपनीचा. तिथले परीक्षक हे या धंद्यातले खातेबाह्य एजंट म्हणा. बरेचसे ठरावीक मुदतीचे, पगार कमी, खेळाच्या यशात वाटा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्यापैकी बाराजणांना, तुमची मुदत वाढणार नाही, असे सांगण्यात आले. त्यांतले काही तर नोकरीसाठी स्वतःच्या खर्चाने त्या गावी बिऱ्हाड हलवून आले होते. बाकीच्यांनी काम थांबवले. संप सुमारे सात आठवडे चालला. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी युनियन जाहीर करून मान्यता मागितली.

मग व्यवस्थापनाने काय केले ते वाचा आणि ओळखीचे वाटते का सांगा. परीक्षकांचा विभागच मोडून त्यांना निरनिराळ्या विभागांत वाटून टाकायचे ठरवले. मग मागणी केली की, मतदान घ्यायचे तर फक्त परीक्षकांचे नको, सगळ्या स्टुडिओचे घ्या. हेतू हा की, अठ्ठावीस माणसे सव्वादोनशेंत बुडून जावीत. तिथल्या कामगार मंडळाने ते मानले नाही. मग एप्रिलमध्ये कंपनीने आपल्या अकराशे परीक्षकांना कायम केले, पगार वाढवला, पण रेव्हनच्या परीक्षकांना ती पगारवाढ दिली नाही आणि सांगितले की, तुमच्या युनियनमुळे कायदा आडवा येतो. विभागीय कार्यालयात शाखा सचिवाची बदली करणाऱ्या आमच्या साहेबांनी यापेक्षा वेगळे काय केले असते?

२३ मे २०२२ रोजी मतमोजणी झाली. युनियनच्या बाजूने एकोणीस, विरुद्ध तीन. अमेरिकेच्या बड्या खेळ कंपनीत युनियनने मतदान जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी जोडून घेतले ते कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या युनियनशी. ही मुळात टेलिफोनवाल्यांची संघटना, ऑपरेटर आणि लाइनमन यांची. जुन्या टपाल-तार साथींना पी.टी.टी.आय. हे आंतरराष्ट्रीय महासंघाचे नाव आठवत असेल. आपल्याकडच्या टपाल-तार संघटना त्यात होत्या आणि ही अमेरिकन युनियनही होती. पुढे तो महासंघ नाव बदलून २००० साली युनी या महासंघात विलीन झाला. तेव्हा व्हिडिओ गेम बनवणारा पोरगा आपला कोण, असे विचारणाऱ्यांनी नाते मोजून पाहावे; फार लांबचे निघत नाही.

एकोणीस मतांनी जग बदलत नाही. पण दार उघडले. जानेवारी २०२३ मध्ये झेनीमॅक्सचे सुमारे तीनशे परीक्षक आले. जुलै २०२४ मध्ये बेथेस्डा स्टुडिओत डिझायनर, प्रोग्रामर, चित्रकार असे परीक्षकांच्या वरचे लोकही युनियनमध्ये आले. झेनीमॅक्सचा करार २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झाला. त्यात पगारवाढ आहे, यंत्रबुद्धीच्या वापरावर काही बंधने आहेत आणि आणखी एक कलम आहे : खेळाच्या श्रेयनामावलीत परीक्षकांच्या कामाची नोंद होईल. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका ठिपक्यामागे लपवलेली ओळ आता करारात लिहून घेतली. चार हुशार माणसांनी स्वतःपुरते जे मिळवले आणि गमावले, ते सर्वात खालच्या पायरीवरच्यांनी सगळ्यांसाठी मागितले.

उलट्या बाजूनेही हालचाल चालू आहे, हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस रॉकस्टारने ब्रिटन आणि कॅनडातले तीसहून अधिक कर्मचारी काढले. तिथली युनियन म्हणते, हे संघटना मोडण्यासाठी. कंपनी म्हणते, गोपनीय माहिती बाहेर गेली म्हणून. निकाल काय लागायचा तो लागो, कारणे दाखवा नोटिशीची भाषा आपल्याला पाठ आहे.

आता आपल्या अंगणात. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथे परदेशी कंपन्यांचे स्टुडिओ आहेत आणि त्यांची कामे घेणारे देशी ठेकेदारही. नवा खेळ मुळापासून रचण्याचे काम इथे कमी. दुसऱ्याने रचलेल्या खेळातली झाडे, घरे, मोटारी काढणे आणि दोष शोधणे हे जास्त. मूळ रचनेचे मोठे काम आले तरी ते टिकेलच असे नाही. युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा एक जुना खेळ नव्याने घडवण्याचे काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे २०२० मध्ये गाजावाजा करून सांगितले. २०२२ मध्ये ते उचलून मॉन्ट्रियलला नेले. आमच्या एका आर.एम.एस. साथीची मुलगी अशाच एका ठेकेदाराकडे होती. त्या ठेकेदाराचे नाव आम्ही घेत नाही. तिने सात-आठ महिने एका परदेशी खेळासाठी वाड्यांच्या भिंती आणि दारे काढली. खेळ घरी आणून भावाला दाखवायला बसली. नावांची यादी वीस मिनिटे सरकत राहिली, तिचे नाव आले नाही. ठेकेदाराचे मात्र एका ओळीत आले. बाप रात्रभर मेल व्हॅनमध्ये दुसऱ्यांच्या नावांची पत्रे लावतो, त्याने आम्हाला हे सांगितले तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

सरकारे या धंद्याच्या मागे उभी आहेत, पण कोणाच्या मागे हे पाहिले पाहिजे. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात कृतिदल जाहीर केले, त्याने वीस लाख नोकऱ्यांचे चित्र रंगवले. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी खास धोरण मंजूर केले. त्याच सप्टेंबर महिन्यात, त्याच मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे नऊ तास बारापर्यंत आणि दुकाने-आस्थापनांत नऊचे दहापर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. एका हाताने धंद्याला ओवाळणी, दुसऱ्या हाताने घड्याळाचा काटा पुढे. कर्नाटकात २०२४ च्या जुलैत आय.टी. वाल्यांसाठी चौदा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या आय.टी. कर्मचाऱ्यांच्या युनियनने रस्त्यावर येऊन आवाज उठवला. वर्षानुवर्षे आय.टी. ला तिथे स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट मिळत आली आहे. म्हणजे तुमच्या आमच्याकडे आरोपपत्र, चौकशी, अपील यांची जी पायरी असते, ती त्यांच्याकडे नाही. सकाळी ओळखपत्र दारावर चालले नाही की समजायचे, नोकरी गेली.

या मुलांना आपणच परके केले आहे. शाखेच्या सभेत पोरगा आला तर आपण विचारतो, तुझे इथे काय काम? त्यालाही वाटते, आपण डिझायनर, आपल्याला लाल बावट्याशी काय करायचे? दोघेही कॅसारसाहेबांचेच वाक्य बोलत असतात, फक्त दोन टोकांनी.

म्हणून शाखांना आमची सूचना आहे. यंदाच्या सुट्टीत एखाद्या रविवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या किंवा पोस्टल रिक्रिएशन क्लबच्या हॉलमध्ये या लाइनला जाऊ पाहणाऱ्या आणि गेलेल्या दोन्ही प्रकारच्या मुलांना बोलवा. भाषणे नकोत. गेलेल्यांनी आपली नियुक्तिपत्रे आणावीत. आपल्यातल्या ज्या साथींनी चाळीस वर्षे सेवानियम वाचले आहेत त्यांनी ती वाचावीत : मुदत किती, नोटीस किती दिवसांची, जादा तास कुठे लिहिले आहेत की नाहीतच, भविष्यनिर्वाह निधी ठेकेदार भरतो की नाही, आणि केलेल्या कामावर नाव येणार का. फी भरायला निघालेल्यांनी क्लासवाल्यांना विचारावे की, मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत, आणि उत्तर लेखी घ्यावे. अशी नियुक्तिपत्रे, नावे आणि कंपनी झाकून, आमच्याकडे पाठवावीत. पुरेशी जमली की पुढच्या अंकांतून त्यांतली कलमे आम्ही एकेक करून छापू.